केरबाअण्णांनी पारखलेलं ग्राफिक्स कार्ड

दिनांक ३ फेब्रुवारी २०२४, शनिवार. रक्कम रुपये ६,७५० फक्त, रोख. एवढे पैसे मोजून आमचे शेजारी केरबाअण्णा चौगले यांनी राजारामपुरीतल्या एका दुकानातून वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घेतलं, आणि घेताना त्यांना एकाच गोष्टीचं मनापासून वाईट वाटलं. या वस्तूला दात नसतात.

अण्णा जनावरांच्या बाजारातले दलाल. उचगावात आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर, मागं गोठा आणि गोठ्यात तीन म्हशी. वय पासष्टीच्या आसपास. नक्की तारीख कुणालाच माहीत नाही, शाळेत मास्तरांनी इतर सगळ्यांसारखी त्यांनाही एक जून लावून दिली. वडगावच्या बाजारात त्यांनी उभी हयात काढली. म्हशीच्या तोंडात हात घालून वय सांगायचं, शिंगाच्या कड्या बघून वेतं मोजायची, कासेला हात लावून दुधाचा अंदाज करायचा, आणि मग खांद्यावरचा टॉवेल समोरच्याच्या हातावर टाकून त्याखाली बोटं दाबत भाव ठरवायचा. तोंडानं त्या वेळी पावसापाण्याचं बोलत राहायचं. आजूबाजूच्यांना आकडा कळता कामा नये, हा त्यातला मुद्दा.

त्यांचा दुसरा नियम म्हणजे दोन वेळचं दूध. सौदा झाला तरी म्हैस आपल्या दावणीला बांधायची, संध्याकाळची आणि सकाळची धार काढून बघायची. दूध बोलल्याप्रमाणं भरलं तर व्यवहार पक्का, नाही तर जनावर परत. बाजारात हा रिवाज सगळ्यांचाच आहे. अण्णांनी तो घरात आणला. त्यांनी छताचा पंखा घेताना दुकानदाराला तो संध्याकाळी आणि सकाळी असा दोनदा फिरवून दाखवायला लावला. पायातल्या चपला आणल्या, त्याही दोन वेळ घरात घालून फिरले आणि मग अंगणात उतरले. एकदा हा विषय निघाला तेव्हा त्यांच्या पत्नी बाळाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या होत्या, "आमच्या बाबांनीबी लग्नात दोन येळचं ठरवून घ्यायला पायजे हुतं. तिसऱ्या येळंला म्या म्हायेरात असते."

 बाळाबाईंपुढं अण्णा सौद्याचा टॉवेलही काढत नाहीत.

या घरात कॉम्प्युटर आला तो सून स्नेहल हिच्यामुळं. तिनं इंटिरिअर डिझाइनचा डिप्लोमा केला आहे. घराचा नकाशा घेऊन ती आत स्वयंपाकघर कसं दिसेल, कपाटं कुठं येतील, उजेड कुठून पडेल, ते सगळं पडद्यावर उभं करते, आणि ते घर खेळण्यासारखं हातात धरून फिरवावं तसं फिरवून दाखवते. तिचा नवरा विश्वजित पुण्यात नोकरीला आहे. तो महिन्यातून दोनदा येतो आणि प्रत्येक वेळी भाड्याच्या फ्लॅटचे फोटो दाखवतो. जूनपासून स्नेहलनं पुण्याला जायचं, हे जवळजवळ ठरलेलंच होतं. नागाळा पार्कातल्या एका फर्निचरच्या दुकानमालकानं मात्र तिला एक शब्द दिला होता. ‘एका बंगल्याची पूर्ण चित्रं सोमवारी सकाळी गिऱ्हाइकापुढं दाखवा. पसंत पडली तर इथली सगळी कामं तुम्हाला. जागा येऊन बघायच्या, चित्रं घरी बसून करायची.’ काम मिळालं तर ती उचगावात राहणार होती. नाही मिळालं तर पुणे.

अण्णांचं यावर उघड मत असं, "जायाचं की पुण्याला. पोरगं तितं एकटं हाय, हाटेलात जेवतंय." हे ते दर चार दिवसांनी, कुणी विचारलं नसताना सांगायचे. एवढ्या वेळा सांगतात म्हणजे काहीतरी गडबड आहे, असा माझा समज होता. शिरोलीच्या फौंड्रीत हिशेब खात्यात इतकी वर्षं काढल्यावर, जी नोंद पुन्हा पुन्हा येते ती तपासायची सवय लागते. पुढच्या वर्षी निवृत्त होईन, सवय राहील.

तर त्या आठवड्यात, गुरुवारी, स्नेहलच्या पडद्यावर आडव्या रेघा आल्या. मग रंगीत चौकोन. बंगला फिरवला की चौकोन वाढायचे आणि जिन्यावर हिरवी बुरशी आल्यासारखं दिसायचं. मग पडदा काळा. बंद करून चालू केला की पुन्हा दहा मिनिटं ठीक.

पहिला उपचार अण्णांनी केला. त्यांनी मॉनिटरच्या पाठीवर थाप मारली.

"मामा, म्हैस न्हाय ती," स्नेहल सासऱ्यांना म्हणाली.

"थापेनं कळतंय की, आत काय हाय ते."

"काय कळलं?"

"पोकळ हाय."

मग तिनं मला हाक मारली. मला कॉम्प्युटरमधलं हिशेबाच्या प्रोग्रामपलीकडं फारसं कळत नाही, पण तेरीज जुळत नसली की एकेक खातं बाजूला काढून बघायचं, एवढं कळतं. आम्ही तसंच केलं. आधी केबल घट्ट बसवली, मग बदलली. रेघा तशाच. मग मी माझ्या घरचा मॉनिटर चादरीत गुंडाळून नेला. त्याच्यावरही रेघा आल्या, म्हणजे तिचा मॉनिटर निर्दोष. त्याला उगाच मार बसला होता. स्नेहलनं दाखवलं की कॉम्प्युटर सुरू होताना पहिलं नाव उमटतं, तेव्हाच रेघा दिसतात. म्हणजे आतल्या प्रोग्रामचा दोष नाही, तो अजून जागाही झालेला नसतो. शेवटी तिनं ग्राफिक्स कार्ड काढून ठेवलं आणि केबल कॉम्प्युटरच्या स्वतःच्या खाचेत लावली. पडदा स्वच्छ. एकही रेघ नाही.

"झालं की मग," अण्णा म्हणाले.

"आता बघा," म्हणत स्नेहलनं बंगला फिरवला. गाभण म्हैस चिखलातून उठावी तसा तो बंगला उठला, अर्धा वळला आणि तिथंच बसला. कार्डाशिवाय साधं काम होत होतं, पण घर फिरवणं आणि त्याची चित्रं काढणं जमणार नव्हतं.

काढलेलं कार्ड तिनं उजेडात धरलं. त्याच्या छोट्या पंख्यात कडब्याचा भुसा बसला होता, त्यावर म्हशीचे काळे केस, आणि त्यावर आणखी भुसा. लहान बाळाचं टोपडं दिसावं तसं ते दिसत होतं. कॉम्प्युटरचं टेबल ज्या खिडकीपाशी होतं, ती खिडकी गोठ्यात उघडते.

बाळाबाईंनी ते बघितलं आणि नवऱ्याकडं बघितलं. "हवेशीर जागा हाय म्हणून कुणी सांगितलं हुतं टेबल तितं लावायला?"

"म्हशीस्नी तिथं काय हुत न्हाय," अण्णा म्हणाले.

स्नेहलनं ब्रशनं पंखा साफ केला. कार्ड पुन्हा लावलं. अर्धा तास चाललं आणि मग कायमचं गेलं. आतून जळून गेलं होतं.

सोमवारपर्यंत ऑनलाइन मागवून येणं शक्य नव्हतं. दुकानातूनच घ्यावं लागणार होतं. स्नेहल स्वतः निघाली होती, पण तिचं कपाटांचं साधं काम बरंच शिल्लक होतं, आणि अण्णांनी आधीच टोपी घातली होती.

"बाजार मी करणार. तू सांग काय आणायचं."

तिनं नीट सांगितलं. चार जीबीचं पुरे. वेगळी विजेची वायर लागणार नाही असं बघायचं, कारण आपल्या कॉम्प्युटरचा वीज वाटून देणारा डबा लहान आहे. आणि लांबीला एक वीत, त्याहून मोठं नको, आत जागा नाही. असं म्हणून तिनं स्वतःची वीत कॉम्प्युटरच्या पेटीच्या आत लावून दाखवली. अण्णांनी मान हलवली.

शनिवारी आम्ही माझ्या स्कूटरवरून राजारामपुरीत गेलो. दुकानातला ऋतुराज हा कुरुंदवाडकडचा तिशीतला तरुण, नम्र आणि हुशार. त्यानं नव्या कार्डाची किंमत सांगितली, चौदा हजार.

"चौदा हजारात रेडी मिळती की," अण्णा म्हणाले. "वापरलेलं काय हाय?"

ऋतुराजनं दोन कार्डं काचेवर ठेवली. एक आठ जीबीचं, दोन पंख्यांचं, लांबलचक, हातात घेतलं तर मनगट खाली जाईल असं. दुसरं चार जीबीचं, एका पंख्याचं, आखूड.

अण्णांनी मोठं उचललं. तोललं. उलटं केलं. बारक्या सोनेरी दातऱ्यांवरून अंगठा फिरवला, पण समाधान झालेलं दिसलं नाही. "पावणं, हे कितव्या वेताचं?"

ऋतुराजनं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, किती वापरलंय ते विचारतायत.

"तीन वर्षं, काका."

"गोठा कुठला?"

"आधीचा मालक कोण," मी सांगितलं.

"सांगलीचा एक जण होता. इंटरनेटवर ते बिटकॉइनसारखे कॉइन काढायचे असतात ना, त्यासाठी लावलेली त्यानं. अशी दहाबारा होती त्याच्याकडं. रात्रंदिवस चालू."

अण्णांनी कार्ड काचेवर ठेवलं. "म्हंजी इंजेक्शन टोचून पिळल्याली."

"तसं नाही काका. आम्ही सगळं साफ केलंय, आत पेस्ट नवीन घातलीय, चकाचक आहे."

"बाजारातबी म्हशीला त्याल लावूनच आणत्यात."

मग त्यांनी आखूड कार्डाकडं बोट केलं. "आणि ह्या रेडकाचं काय?"

"ते बहात्तरशे. मोठं साडेसात हजार."

"रेडकाला बहात्तर आणि म्हशीला पंच्याहत्तर?"

"ते नंतरचं मॉडेल आहे. वीज कमी खातंय, गरम होत नाही."

"खाईत न्हाय ते दूध काय देणार?"

ऋतुराज हसला. पण त्यानं त्याचं कर्तव्य केलं. मोठ्याला वेगळी सहा पिनांची वायर लागते, तुमच्याकडं आहे का बघा, असं त्यानं दोनदा सांगितलं. मी खिशातून फोन काढला, म्हटलं स्नेहलला विचारू. अण्णांनी माझा हात धरून फोन परत खिशात घातला. सौदा चालू असताना घरी फोन लावायचा नाही. समोरच्याला कळतं की घरात निकड आहे, आणि भाव चढतो. बाजारात हे शहाणपणच आहे.

"मोठं जनावर, जादा खाणारच," ते ऋतुराजला म्हणाले. मग हात पसरून कार्डावर वीत टेकवली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत कार्ड बरोबर मावलं. "एक वीत. माप बरोबर हाय."

मी मनात आठानं भागून बघितलं. मोठ्याचा दर एका जीबीला हजाराच्या आत येत होता, लहानाचा अठराशे. भागाकार बरोबर होता, म्हणून मी गप्प राहिलो.

त्यानंतर अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि ऋतुराजच्या हातावर टाकला. ऋतुराज दचकला. हात मागं घ्यायला गेला, पण ज्यांनी मारक्या म्हशींची वेसण धरली आहे त्यांच्या पकडीतून हात सुटत नाही. दुकानातली दोन गिऱ्हाइकं बघायला लागली.

"यंदा ऊस कसा हाय तुमच्याकडं?" अण्णांनी विचारलं. टॉवेल हलत होता.

"काका, युपीआय चालतं," ऋतुराज बारीक आवाजात म्हणाला.

"पाणी सोडलं का न्हाय कॅनॉलला?"

"काका, बोटं दुखतायत."

"व्हय म्हणा मग."

"हो, हो."

अण्णांनी टॉवेल काढला. सहा हजार सातशे पन्नासला सौदा झाला होता. ऋतुराजला तो आकडा पैसे मोजून हातात आल्यावर कळला. त्यानं नोटा दोनदा मोजल्या, जरा विचार केला, आणि बिल फाडलं.

"आता ऐका," अण्णा म्हणाले. "दोन येळचं दूध बघणार. संध्याकाळ आणि सकाळ. बोलल्यागत न्हाय भरलं तर जनावर परत."

"चालेल काका," ऋतुराज बोटं चोळत म्हणाला. "फोन करा."

येताना अण्णा मागं बसून कार्डाचा खोका टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरून होते. तावडे हॉटेलच्या चौकात सिग्नलला शेजारच्या टेंपोवाल्यानं विचारलं, काय आणलं? अण्णा म्हणाले, "आठ जीबी." तो काय समजला कुणास ठाऊक, पण त्यानं मान डोलावली.

घरी स्नेहलनं पेटी उघडून ठेवलेलीच होती. कार्ड खाचेपर्यंत नेलं, आणि थांबली. पुढच्या टोकाला हार्ड डिस्कचा पत्र्याचा कप्पा आडवा येत होता. चांगलं तीन बोटं.

"मामा, वीत कुणाची लावली?"

"माझी."

"मी माझी दाखवली होती."

अण्णांनी हात पसरून धरला. स्नेहलनं त्याच्या शेजारी आपला हात धरला. त्या दोन हातांमधला फरक आणि कार्ड आडवं येत होतं तो फरक, अगदी सारखा होता.

बाळाबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "जलमभर दुसऱ्याची बोटं दाबली. घरातल्या पोरीचा हात केवढा हाय ते बघितलं न्हाय."

"पत्रा कापून आणू," अण्णा म्हणाले. "उद्यमनगरात कटर मारून मिळतंय. आत्ता जातो."

"पत्रा कापला तरी वायर कुठाय?" स्नेहलनं पेटीच्या आतल्या वायरी बोटानं वेगळ्या करून दाखवल्या. सहा पिनांची एकही नव्हती.

"मग लाईटीच्या बोर्डावरनं वडून घिऊ."

तिनं कार्ड परत खोक्यात ठेवलं.

त्या संध्याकाळी अण्णा गोठ्यात गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी भिंतीवरून डोकावलो. धारा काढून झाल्या होत्या आणि ते नुसतेच उभे होते.

"जनावर चांगलं हुतं," ते म्हणाले. "दावण ल्हान पडली."

"परत देता येईल की. तुमचा नियमच आहे."

"नियम जनावरात खोट असली तर. हितं घेणाऱ्यात खोट निघाली. असं परत न्यायचं म्हंजी..."  ज्या दलालाला दावणीचं माप कळत नाही, त्याला बाजारात कोण विचारणार, असं काहीसं त्यांच्या मनात असावं.

स्नेहल आत कार्डाशिवाय काम करत होती. दर वेळी बंगला वळवताना ती खुर्चीला टेकून वाट बघत बसायची. विश्वजितचा फोन आला. तो म्हणाला, राहू दे, एवढं काय, तसंही जूनला यायचंच आहे. स्नेहल म्हणाली, ठेवते, काम आहे.

रविवारी दुकान बंद. सकाळी अण्णा अंगणात तीन फेऱ्या मारून आले, बिलावरचा नंबर मला लावायला सांगितला आणि फोन घेऊन गोठ्याकडं गेले, म्हणजे घरात ऐकू जाऊ नये. पण अण्णांचा आवाज बाजारातला आहे. पलीकडच्या दावणीवरच्या माणसाला ऐकू जाईल असाच तो निघतो. आणि गोठ्याची खिडकी कुठं उघडते ते मघाशी सांगितलंच. स्नेहल तिथंच बसली होती. मी तिच्या शेजारी उभा होतो.

"पावणं, केरबा चौगले बोलतोय. व्हय, टॉवेलवालं... बोटं कशी हाईत?... जनावर परत घ्या. न्हाय, जनावरात खोट न्हाय. माझं माप चुकलं."  एका म्हशीनं शेपूट झाडलेलं ऐकू आलं. "ते रेडकू पाठवा. आज पायजे... दुकान बंद हाय ते ठावं हाय मला. उद्या सकाळी सून चित्रं दाखवणार हाय, काम ठरायचं हाय... घाई म्हंजी, पावणं, न्हाय झालं तर सून जाईल हो पुण्याला. घर मोकळं हुईल... व्हय. उचगावात कुणालाबी इचारा, म्हशीवालं केरबा."

स्नेहलनं माऊसवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. पडद्यावर बंगला अर्धा वळून थांबलेला होता. बाळाबाई चहा घेऊन आल्या, कप ठेवला, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "काय ऐकू आलं न्हाय असं कर. न्हाय तर जेवायचं न्हाईत आज."

दुपारी ऋतुराज मोटरसायकलवरून आला. अण्णांनी त्याला हात धुवायला पाणी दिलं, तेव्हा त्यानं हात जरा लांबूनच पुढं केले. आखूड कार्ड खाचेत टक् आवाज करून बसलं. पुढं दोन बोटं जागा उरली. वेगळी वायर लागली नाही. स्नेहलनं बंगला फिरवला आणि तो भोवऱ्यासारखा फिरला. जिना, माळा, स्वयंपाकघर, देवघरावरचा उजेड, सगळं सरसर येऊन गेलं. कुठं रेघ नाही, चौकोन नाही.

अण्णा कार्डाच्या लहानखुऱ्या पंख्याकडं बघत राहिले. "एवढूसं जनावर," ते म्हणाले.

"जात वेगळी आहे काका," ऋतुराज म्हणाला.

याची किंमत बहात्तरशे, म्हणजे वर साडेचारशे द्यायचे होते. अण्णांनी खिशातून तीनशे काढून दिले आणि बाकीचे दोन वेळचं बघून, असं सांगितलं. ऋतुराजनं या वेळी टॉवेलाकडं बघत लगेच मान्य केलं. बाळाबाईंनी त्याला गरम दूध दिलं आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही.

संध्याकाळची धार त्या दिवशी बाळाबाईंनी एकटीनं काढली. अण्णा स्टुलावर कॉम्प्युटरशेजारी बसले होते. त्यांचा तळहात पेटीच्या कुशीवर होता. स्नेहल खिडक्यांना काचा लावत होती, भिंतींना रंग देत होती, आणि मधूनच विचारत होती, "काय म्हणतंय, मामा?"

"ताप न्हाय."

"आवाज?"

"रवंथ करतंय."

जेवायला बसल्यावर तिनं आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता सहज विचारलं, "मामा, उद्या काम नाही मिळालं तर?"

"तर जायाचं की पुण्याला. पोरगं एकटं हाय तितं."

"मग फोनवर काय सांगत होता?"

अण्णा ताटात बघत म्हणाले, "ते सौद्याचं बोलणं. सौद्यात मानूस काय बी बोलतंय." आणि दुसरी भाकरी मागितली. बाळाबाईंनी ती वाढली, हे सगळं मला त्यांनीच नंतर सांगितलं आणि त्या सांगताना हसल्या.

सकाळी चित्रं तयार व्हायला लागली. एक एक खोली पडद्यावर वरून खाली उमटत यायची. अण्णा प्रत्येक खोलीला ‘आली’ म्हणायचे. शेवटची खोली आल्यावर त्यांनी पेटीवर हात ठेवून बघितला आणि सांगितलं, सकाळचंबी भरलं. स्नेहलनं सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, स्कूटीवर बसली आणि नागाळा पार्काला गेली.

तिचं काय झालं ते अण्णांनी तिला फोन करून विचारलं नाही. सौदा चालू असताना फोन लावायचा नाही. त्यांनी तो सकाळचा वेळ कॉम्प्युटरची जागा बदलण्यात घालवला. टेबल सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत नेलं, टीव्हीच्या जागी. टीव्ही गोठ्याच्या खिडकीपाशी आला. तेव्हापासून बातम्या बघताना मागून म्हैस हंबरते आणि अण्णांना तिचं मत निवेदकापेक्षा जास्त पटतं. खिडकीला डासांची जाळी ठोकली. मला ती धरून उभं केलं होतं, त्या दिवशी कामावर रजाच पडली.

दुपारी स्नेहल आली. गिऱ्हाइकाला जिना आवडला नव्हता. बाकी सगळं आवडलं होतं. जिना तिनं तिथंच बसून मालकाच्या लॅपटॉपवर दुसऱ्या बाजूला नेऊन दाखवला. पुढची तीन घरं तिला मिळाली. जागा स्वतः जाऊन बघाव्या लागणार, म्हणून राहणारं माणूस कोल्हापुरातलंच हवं, असं मालक म्हणाले.

"मग पुण्याचं?" बाळाबाईंनी विचारलं.

"आत्ती, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू."

अण्णा म्हणाले, "पोरगं एकटं हाय तितं."

"तेला सांगते मी, शनवारचं येत जा म्हणून," असं बाळाबाई म्हणाल्या आणि लगेच फोन लावला. विश्वजित बराच वेळ बोलत होता. बाळाबाई ऐकत होत्या आणि अधूनमधून ‘व्हय’ म्हणत होत्या, आणि शेवटी, येताना पिशवी रिकामी आण, दूध-तूप न्यायला, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. अण्णा गोठ्यात गेले. या वेळी लवकर बाहेर आले. हातात दुधाचा तांब्या होता, माझ्यासाठी.

आता दीड महिना झाला. कार्ड चालतंय. आठवड्यातून एकदा अण्णा पेटी उघडायला लावतात आणि स्वतः ब्रश घेऊन पंखा साफ करतात. तेल लावायला मात्र स्नेहलनं सक्त मनाई केली आहे. तिसरं घर तिनं परवा पूर्ण केलं.

ऋतुराजचा मला दोनदा फोन आला. मी अण्णांना विचारलं, दोन वेळचं दूध भरलं, मग पैसे का अडवलेत? ते म्हणाले, "पुरतं दिलं की पावणं फोन उचलत न्हाय. थोडं राहू द्या." मी म्हटलं, तो उचलतोय, तुम्ही उचलत नाही. ते म्हणाले, "दोघांतल्या एकानं न उचललं तरी चालतंय."

आज अखेर केरबाअण्णा चौगले यांच्याकडून ऋतुराजला रुपये १५० येणे आहेत.